समालोचकांसाठी नेटवर्कवर चालणारा अनाउन्सर कन्सोल: टेनिस क्रिकेटच्या थेट प्रक्षेपणाला घ्यावा का?

किनारपट्टी_थेट (मूळ प्रश्न)

नमस्कार. रायगड जिल्ह्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धांचे यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणारा आमचा पाच जणांचा चमू आहे. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की पावसाळ्याच्या तोंडापर्यंत जवळजवळ प्रत्येक शनिवार-रविवार आम्ही कुठल्या ना कुठल्या गावच्या मैदानावर असतो. चित्राच्या बाजूने आता फारशी तक्रार राहिलेली नाही. सगळे अडते ते आवाजापाशी, आणि त्यातही समालोचनापाशी.

आमची मांडणी अशी असते. सीमारेषेबाहेर पाइपांची परांची बांधून केलेल्या मचाणावर दोन समालोचक बसतात आणि आमचे टेबल व्यासपीठाशेजारच्या मंडपात असते. सरळ अंतर 60-65 मीटर, परंतु केबल सीमारेषेच्या कडेने फिरवावी लागत असल्यामुळे ती 90 मीटरच्या आसपास जाते. दोघांना डायनॅमिक माइकचे हेडसेट दिलेले आहेत. त्यांचे आवाज साध्या ॲनालॉग मल्टिकोअर केबलने आमच्या 32 चॅनेलच्या डिजिटल मिक्सरपर्यंत येतात, आणि त्याच केबलमधल्या परतीच्या जोडीवरून कार्यक्रमाचा आवाज मचाणावरच्या हेडफोन ॲम्प्लिफायरला जातो.

अडचणी चार आहेत. मचाणावरच्या ॲम्प्लिफायरला वीज मिळते ती दिव्यांच्या जनरेटरवरून आणि आमच्या टेबलाला मंडपाच्या जोडणीवरून. त्यामुळे संध्याकाळी दिवे लागले की समालोचनाखाली एक संथ गुणगुण सुरू होते आणि सामना संपेपर्यंत थांबत नाही. दुसरी अडचण म्हणजे समालोचकाला स्वतःचा माइक क्षणभर बंद करण्याची काहीही सोय नाही. गेल्या महिन्यात उपांत्य सामन्याच्या शेवटच्या षटकात, सहा चेंडूंत नऊ धावा हव्या असताना, आमच्या एका समालोचकाने माइक मुठीत धरून खाली उभ्या असलेल्या मुलाला “दोन चहा, एक बिनसाखरेचा” असे सांगितले आणि ते सगळ्या प्रेक्षकांनी ऐकले. आता प्रत्येक सामन्याच्या चॅटमध्ये “बिनसाखरेचा आला का?” अशी विचारणा होते. तिसरे, प्रायोजकाचे नाव घ्या किंवा पुनर्दृश्य येते आहे एवढे सांगण्यासाठीही मला मुलाच्या हाती चिठ्ठी पाठवावी लागते. आणि चौथी गोष्ट मला अजून नीट उमगलेली नाही: मैदानावरच्या मोठ्या स्पीकरवर समालोचन सोडले की आमचे एरवी अस्खलित बोलणारे समालोचक अडखळू लागतात, शब्द ताणतात आणि मध्येच थांबतात.

एका विक्रेत्याने मला डान्टेवर, म्हणजे साध्या इथरनेट नेटवर्कवरून आवाज पाठवण्याच्या पद्धतीवर, चालणारे दोन अनाउन्सर कन्सोल सुचवले आहेत. एका कन्सोलचा दर पाहिला तर तेवढ्या पैशांत आम्ही अख्खा दुसरा मिक्सर घेऊ शकतो, आणि शिवाय माझ्या मिक्सरला डान्टे कार्ड घ्यावे लागेल ते वेगळेच. एवढा खर्च आमच्यासारख्यांनी करावा का? की ही मोठ्या वाहिन्यांची चैन आहे? आणि नेटवर्कमुळे समालोचकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येईल, ही माझी भीती खरी आहे का?

ओबीव्हॅन_ध्वनी

तुमचा प्रश्न नीट मांडलेला आहे, म्हणून उत्तरही जरा सविस्तर देतो. मी काही वर्षे बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीवर ध्वनी सांभाळला आहे आणि असे कन्सोल नेहमी हाताळले आहेत.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू, कारण विक्रेते तिच्या नेटवर्कचे कौतुक सांगतात आणि तिचे खरे काम सांगायचे विसरतात. जाड पुस्तकाएवढी धातूची पेटी समालोचकासमोर टेबलावर असते. मागे हेडसेटची जोडणी आणि नेटवर्क केबलचा एक सॉकेट. पुढे दोन-तीन मोठी बटणे आणि हेडफोनच्या आवाजासाठी दोन-तीन गोल खुंट्या. आत माइकचा प्रीॲम्प्लिफायर असतो आणि गरज पडली तर कंडेन्सर माइकसाठी 48 व्होल्टचा फँटम पुरवठाही. म्हणजे तुमच्या हेडसेटमधून येणारा नाजूक, काही मिलिव्होल्टचा संकेत आता 90 मीटर जनरेटरच्या शेजारून प्रवास करत नाही. तो हातभर तारेतून पेटीत शिरतो, तिथेच अंकांत रूपांतरित होतो आणि पुढे फक्त अंक प्रवास करतात.

पण यातील कळीची गोष्ट ती बटणे आहेत. मुख्य बटण दाबले की समालोचकाचा आवाज प्रक्षेपणातून आवाज न करता गळतो. यालाच आम्ही खोकल्याचे बटण म्हणतो. दुसरे बटण टॉकबॅकचे. ते दाबून धरले की तोच माइक प्रक्षेपणाच्या वाटेवरून निघून दुसऱ्या, पूर्णपणे स्वतंत्र चॅनेलवर जातो, आणि तो चॅनेल फक्त तुमच्या टेबलावरच्या छोट्या स्पीकरला जोडलेला असतो. बिनसाखरेचा चहा या दुसऱ्या वाटेने यायला हवा होता. हे वळवणे पेटीच्या आतच होत असल्यामुळे मिक्सरवर तुमचे लक्ष असो वा नसो, खासगी बोलणे प्रक्षेपणात जाण्याची वाटच उरत नाही.

उलट दिशेला तुम्ही कन्सोलकडे दोन गोष्टी पाठवायच्या: एका चॅनेलवर कार्यक्रमाचा आवाज आणि दुसऱ्यावर तुमच्या सूचना. मी नेहमी कार्यक्रम डाव्या कानात आणि सूचना उजव्या कानात देत आलो आहे. तुम्ही बोलू लागताच कार्यक्रमाचा आवाज आपोआप खाली जावा अशीही रचना करता येते. आमच्या भाषेत तिला आयएफबी म्हणतात आणि तुमच्या डिजिटल मिक्सरवरचा डकर हे काम सहज करील.

आता उशिराच्या भीतीबद्दल. डान्टेमध्ये एका दिशेच्या प्रवासाचा विलंब आपण ठरवायचा असतो, आणि छोट्या नेटवर्कवर 1 मिलिसेकंद ही नेहमीची निवड आहे. जायला एक, यायला एक आणि मिक्सरच्या आत साधारण एक असे धरले तरी तीन मिलिसेकंदांत आवाज परत येतो. प्रतिध्वनी म्हणून तो ऐकू येत नाही. मात्र माणूस स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतूनही ऐकत असतो आणि तो लगेच पोचतो. या दोन आवाजांत तीन मिलिसेकंदांचे अंतर पडले की काही स्वर एकमेकांना खातात आणि डब्यात तोंड घालून बोलल्यासारखे वाटते. यासाठी चांगल्या कन्सोलमध्ये समालोचकाचा आवाज नेटवर्कवर न जाता पेटीतल्या पेटीतच हेडफोनला दिला जातो. त्याला साइडटोन म्हणतात. तुम्ही एवढेच करायचे की मिक्सरवर प्रत्येक समालोचकासाठी वेगळी बस, म्हणजे आवाजांचे वेगळे मिश्रण, बनवून तिच्यात त्याचा स्वतःचा आवाज सोडून बाकी सगळे, म्हणजे जोडीदार, मैदानाचा आवाज, पुनर्दृश्याचे संगीत, घालायचे. एक पथ्य कटाक्षाने पाळा: व्हिडिओ स्विचरमधून बाहेर पडलेला कार्यक्रमाचा आवाज समालोचकाला कधीही परत देऊ नका. सेकंदाला 25 चौकटींच्या चित्रात एक चौकट म्हणजे 40 मिलिसेकंद, आणि स्विचर अशा एक-दोन चौकटी सहज साठवून ठेवतो.

तुमची चौथी अडचण या सगळ्यात मला सर्वांत रोचक वाटली, आणि तिचा तुमच्या उपकरणांशी काहीच संबंध नाही. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. तुमचे मैदानी स्पीकर मचाणापासून 70 मीटरवर असतील, तर समालोचकाचा स्वतःचा आवाज त्याला सुमारे 200 मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. स्वतःचे बोलणे बरोबर एवढ्या उशिरा कानावर पडणे हे माणसाची वाणी बिघडवण्याचे सर्वांत हमखास साधन आहे; प्रयोगशाळेत निरोगी माणसांना तोतरे बोलायला लावण्यासाठी नेमका हाच विलंब वापरला जातो. तुमच्या समालोचकांचा यात काडीचा दोष नाही. बंद पाठीचा, कान पूर्ण झाकणारा हेडसेट द्या आणि साइडटोन थोडा वाढवा. हाडांतला आणि हेडफोनमधला ताजा आवाज जोरकस असला की हवेतला शिळा आवाज मेंदू दुर्लक्षित करतो. स्पीकर मचाणाकडे तोंड करून असतील तर ते फिरवणे हा फुकटचा उपाय आधी करा.

समालोचकाला गर्दीतून वेगळे कसे काढायचे हा प्रश्न समालोचनाइतकाच जुना आहे. बीबीसीने 15 जानेवारी 1927 रोजी ट्विकनहॅमवरच्या इंग्लंड-वेल्स रग्बी सामन्याचे धावते समालोचन केले आणि पुढच्याच दशकात वरच्या ओठाला पट्टी टेकवून बोलायचा रिबन माइक आला. कोल्स 4104 या रूपात तो अजूनही दिसतो. तो हातात धरावा लागतो, त्यामुळे धावसंख्या लिहायची असेल तर पंचाईत होते. तुमच्या कामाला हेडसेटच बरा.

माझे मत विचाराल तर घ्या. ही चैन नाही. मात्र दोघांना मिळून एक कन्सोल हा मोह टाळा, कारण खोकल्याचे बटण सामायिक असू शकत नाही.

केबलमास्तर

वरच्या उत्तराशी मी सहमत आहे, पण त्यात नेटवर्क जणू आपोआप चालते असे गृहीत धरलेले दिसते. माझा व्यवसाय नेटवर्क उभारणीचा आहे आणि अशा मैदानी मांडण्यांत जे बिघडते ते बहुधा माझ्या बाजूचे असते, म्हणून काही गोष्टी सांगतो.

तुमचे 90 मीटर हे धोक्याचे अंतर आहे. तांब्याच्या इथरनेट केबलची 100 मीटरची मर्यादा सर्वांना पाठ असते, परंतु ती 90 मीटर घन तारेची पक्की केबल आणि दोन्ही टोकांच्या मिळून 10 मीटर लवचिक जोडतारा अशा हिशेबाने ठरलेली आहे. रिळावर गुंडाळायला सोयीची असणारी बारीक तंतूंची केबल जास्त क्षीणन करते आणि पूर्ण 100 मीटर पोचेलच याचा भरवसा नसतो. त्यात बाजारात कॅट-6 म्हणून स्वस्तात मिळणारी बरीचशी केबल तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची असते. ओळखायची खूण सोपी आहे: टोकाची तार चाकूने खरवडा; आतून पांढरी निघाली तर दुकानदाराला परत द्या. अशा तारेचा रोध जास्त असतो आणि तुमच्या कन्सोलला वीज याच तारेतून मिळणार आहे.

वीज हाच खरे तर तुमच्यासाठी सर्वांत मोठा फायदा आहे आणि त्याबद्दल वर कोणी बोलले नाही. हे कन्सोल पीओईवर, म्हणजे नेटवर्क केबलमधूनच येणाऱ्या विजेवर चालतात. 2003 च्या 802.3एएफ मानकानुसार नेटवर्क स्विच एका पोर्टला 15.4 वॅटपर्यंत वीज देतो आणि केबलमधली घट वजा जाता उपकरणाला 12.95 वॅट मिळतात. अशा पेटीला एवढे पुरते. याचा अर्थ मचाणावर विजेचा सॉकेटच लागणार नाही. तुमची गुणगुण दोन वेगवेगळ्या पुरवठ्यांचे अर्थिंग मल्टिकोअरच्या आवरणातून एकमेकांना जोडले गेल्यामुळे येते आहे. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टमध्ये विलगक ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे ती वाटच तुटते. फक्त आवरण असलेली केबल आणि धातूचे कनेक्टर दोन्ही टोकांना वापरून ती वाट पुन्हा जोडू नका. शिवाय टेबलावरचा पीओई स्विच यूपीएसवर ठेवलात तर जनरेटर बसला तरी समालोचन सुरू राहील आणि अंधारात काय चालले आहे ते निदान प्रेक्षकांना कळेल.

अंतर 100 मीटरच्या पुढे जाणार असेल तर फायबर टाका. मात्र काचेतून वीज जात नाही, त्यामुळे मचाणावर छोटा पीओई स्विच आणि त्याच्यासाठी यूपीएस असे दोन्ही आले.

स्विचविषयी. दोन कन्सोल, एक मिक्सर आणि एक संगणक एवढ्यासाठी साधा गिगाबिट स्विचही चालतो, पण त्यात वीज वाचवणारे इथरनेट, म्हणजे 802.3एझेड, बंद करता आले पाहिजे. ही सोय रहदारी कमी असताना पोर्टला डुलकी घेऊ देते. डान्टेमधली सगळी उपकरणे एकमेकांची घड्याळे मायक्रोसेकंदाच्या हिशेबात जुळवत असतात. डुलकी घेणाऱ्या पोर्टवर ती जुळणी ढळते आणि मग कुठून तरी टकटक ऐकू येते. व्यवस्थापित स्विच असेल तर डीएससीपी (नेटवर्कवरच्या प्रत्येक पाकिटावरची प्राधान्याची खूण) 56 ला सर्वोच्च प्राधान्य आणि 46 ला त्याखालचे द्या. पहिला घड्याळाचा, दुसरा आवाजाचा. आवाजाला जागा फारच थोडी लागते: 24 बिट गुणिले 48,000 म्हणजे एका चॅनेलला 1.152 मेगाबिट, आणि वरचा लवाजमा धरूनही ही रक्कम किरकोळच. त्याउलट एका एनडीआय, म्हणजे नेटवर्कवरून चित्र पाठवणाऱ्या, कॅमेऱ्याला 100 मेगाबिटहून अधिक जागा लागू शकते. तुमचे कॅमेरे एनडीआयवर असतील तर त्यांचा स्विच वेगळा ठेवा. वाय-फायचा विचारही करू नका.

आणखी दोन सवयी लावून घ्या. डान्टे कंट्रोलर या मोफत प्रणालीत तुम्ही जी जोडणी करता ती उपकरणाच्या आणि चॅनेलच्या नावावरून लक्षात ठेवली जाते, अंकी पत्त्यावरून नव्हे. म्हणून पहिल्याच दिवशी ‘मचाण-डावा’, ‘मचाण-उजवा’ अशा अर्थाची नावे रोमन लिपीत द्या आणि पुन्हा त्यांना हात लावू नका; नाव बदलले की जोडणी तुटते. जोडणी एकदा झाली की ती ऐकणाऱ्या उपकरणातच साठते, तेव्हा सामन्याच्या वेळी संगणक काढून घेतला तरी चालते. आणि मिक्सरमध्ये डान्टे कार्ड बसवल्यावर मिक्सरचे घड्याळ त्या कार्डाकडे सोपवायला विसरू नका. मी स्वतः एका लग्नसमारंभात हे विसरलो होतो. दोन घड्याळे आपापल्या चालीने चालत राहिली, दर काही सेकंदांनी मंगलाष्टकांत एक टिचकी पडत राहिली आणि मी दोन तास केबल बदलत बसलो.

माइकसमोर

मी तंत्रज्ञ नाही; कबड्डी आणि क्रिकेटचे मराठी समालोचन करते. वरची उत्तरे वाचून वाटले की ज्याच्या समोर ही पेटी ठेवायची आहे त्याचेही ऐकून घ्यावे.

खोकल्याचे बटण दोन तऱ्हांनी वागू शकते, आणि ते कसे वागणार हे आधी सांगितले नाही तर घोटाळा होतो. एक तऱ्हा म्हणजे दाबून धरले तोवर आवाज बंद, बोट उचलले की सुरू. दुसरी म्हणजे एकदा दाबले की बंद, पुन्हा दाबले की सुरू. एका स्पर्धेत मला नेहमीप्रमाणे पहिली तऱ्हा असेल असे वाटले होते आणि पेटी दुसऱ्या तऱ्हेवर ठेवलेली होती. मी खोकले, बोट उचलले आणि पुढचे संपूर्ण षटक, दोन षटकारांसह, अतिशय रंगवून कोणालाच न सांगता सांगितले. साइडटोन चालू असल्यामुळे मला माझा आवाज व्यवस्थित ऐकू येत होता! जोडीदाराने शेवटी माझ्या पेटीवरच्या विझलेल्या दिव्याकडे बोट दाखवले. तेव्हापासून मी खुर्चीत बसल्याबरोबर प्रत्येक बटण एकदा दाबून पाहते. समालोचकांसाठी दाबून-धरा हीच तऱ्हा ठेवावी, आणि बटणाचा दिवा भर उन्हातही दिसेल अशी सावली पेटीवर करावी. मचाणावर दुपारी तीनच्या उन्हात लाल दिवा पेटला आहे की विझला आहे हे खरोखर कळत नाही.

सूचना देणाऱ्यांना एक विनंती आहे. मी बोलत असताना कानात तीन शब्दांपेक्षा जास्त बोलू नका. “पुनर्दृश्य, दहा सेकंद” हे मी वाक्य न तोडता ऐकू शकते. “ताई, जमलं तर मघाचा तो झेल परत दाखवतोय, त्यावर जरा बोला” हे ऐकताना मी काय बोलत होते तेच विसरते. आणि खुंट्या जितक्या कमी तितके बरे. मला स्वतःचा, जोडीदाराचा आणि तुमचा असे तीन आवाज कमी-जास्त करता आले की पुरे. बाकीच्या खुंट्यांवर चिकटपट्टी लावून टाका.

जुगाडू_नव्हे_काटकसरी

सगळ्यांचे म्हणणे रास्त आहे, तरीही प्रश्नकर्त्याच्या खिशाच्या बाजूने बोलायला कोणी तरी हवे. चारपैकी तीन अडचणी एका दिवसात आणि किरकोळ खर्चात सुटण्यासारख्या आहेत.

गुणगुणीसाठी मचाणावरच्या ॲम्प्लिफायरला तुमच्याच टेबलावरून वीज द्या, किंवा मल्टिकोअरच्या टोकाला एकास-एक प्रमाणाचे ध्वनी विलगक ट्रान्सफॉर्मर बसवा. काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. गुणगुण जाते हे खरे, पण ओल्या गवतात उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे. खोकल्यासाठी छोट्या डबीत एक्सएलआर या माइकच्या कनेक्टरची 2 आणि 3 क्रमांकाची पिन एकमेकांना जोडणारे दाबबटण बसवले की डायनॅमिक माइक आवाज न करता गप्प होतो, कारण संतुलित केबलवर दोन्ही पिनांतला फरकच शून्य होतो. स्पीकर फिरवायला तर काहीच लागत नाही. उरला टॉकबॅक, आणि त्यासाठी दोन वॉकीटॉकी पुरतात. हा हंगाम असा काढा, पैसे जमले तर पुढच्या दिवाळीला कन्सोल घ्या.

ओबीव्हॅन_ध्वनी

पिन 2-3 ची युक्ती अस्सल आहे आणि मी ती वापरलेली आहे. वॉकीटॉकीबद्दल मात्र माझा विरोध आहे. बोलता बोलता समालोचक वॉकीटॉकी उचलू शकत नाही, आणि ती टेबलावर ठेवली तर तुमची सूचना तिच्या स्पीकरमधून निघून समालोचकाच्याच माइकमधून प्रक्षेपणात जाते. निदान तिचे इअरफोन तरी एका कानात द्यावे लागतील, म्हणजे हेडसेटखाली आणखी एक वायर.

माइकसमोर यांनी सांगितलेली साइडटोनची गोष्ट मी मुद्दाम अधोरेखित करतो. काही कन्सोलमध्ये मुख्य बटण बंद असताना साइडटोनही बंद ठेवायची निवड असते. ती निवडलीत तर आवाज बंद असल्याचे कानालाच कळते. टॉकबॅकचे बटण दाबल्यावर मात्र साइडटोन चालू राहिला पाहिजे, नाहीतर माणूस ओरडून बोलू लागतो.

किनारपट्टी_थेट

सर्वांचे मनापासून आभार. आजच्या सामन्याआधी तीन गोष्टी करून पाहिल्या आणि त्यांचे निकाल कळवतो.

मैदानी स्पीकर मचाणापासून तिरके फिरवले आणि एका समालोचकाला घरचा बंद पाठीचा हेडफोन त्याच्या माइकबरोबर घालायला दिला. तो तासभर एकदाही अडखळला नाही; शेजारचा जुन्या, उघड्या हेडसेटवर मात्र मधूनमधून ताणून बोलत होता. मचाणावरची वीज आमच्या टेबलावरच्या यूपीएसवरून घेतली आणि दिवे लागल्यावरही गुणगुण आली नाही. आणि पुढच्या आठवड्यासाठी आणून ठेवलेल्या 100 मीटरच्या केबलचे टोक खरवडले, तर ते आतून पांढरे निघाले.

कन्सोलच्या बाबतीत असे ठरवले आहे की या हंगामात डबीतल्या बटणावर भागवायचे, पण कार्ड आणि दोन कन्सोल पुढच्या हंगामाच्या आधी घ्यायचे. टॉकबॅकच्या दुसऱ्या वाटेसाठी मला दुसरा चांगला पर्याय दिसत नाही, आणि चिठ्ठी घेऊन धावणारा मुलगा आता दहावीला गेला आहे.

एक शेवटची शंका आहे. आमचे समालोचक मॉनिटर न पाहता थेट मैदानाकडे पाहून बोलतात. प्रेक्षकांना “चौकार!” असे आधी ऐकू येते आणि चेंडू सीमारेषेला नंतर लागतो. कन्सोल घेतल्यावर हे वाढेल की कमी होईल?

ओबीव्हॅन_ध्वनी

किंचित कमी होईल असे म्हणायला हरकत नाही, पण एका मिलिसेकंदाने. ते कोणाला कळणार नाही. मूळ कारण तुमचे चित्र उशिरा येते हे आहे. कॅमेऱ्यापासून स्विचरपर्यंत बिनतारी एचडीएमआय दुवा असेल तर तो विलंब आणखी वाढतो. एका कॅमेऱ्यासमोर उभे राहून टाळी वाजवा, तीच टाळी समालोचकाच्या माइकवरून मिक्सरमध्ये घ्या आणि यूट्यूबवर न सोडता नुसते मुद्रण करा. मुद्रणात हात एकमेकांना लागतात ती चौकट आणि टाळीचा आवाज यांतल्या चौकटी मोजा, दर चौकटीला 40 मिलिसेकंद धरा आणि तेवढा विलंब मिक्सरच्या मुख्य आउटपुटवर, स्विचरकडे जाणाऱ्या वाटेवर, टाका. समालोचकांच्या हेडफोनकडे किंवा मैदानी स्पीकरकडे जाणाऱ्या बसवर तो टाकू नका. सगळे कॅमेरे वेगवेगळे मोजा. बिनतारी दुव्यावरचा एखादा वेगळा निघाला तर स्विचरमध्ये बाकीच्यांना त्याच्याइतके मागे आणावे लागेल.

केबलमास्तर

आणि ती पांढरी केबल दुकानदाराने परत घेतली नाही, तर मंडपाच्या दिव्यांच्या माळा बांधायला उपयोगी पडेल. तिच्यातून वीज सोडू नका, एवढेच.